सहा कॉर्ड्स आणि एक प्रार्थनापुस्तक

माँट्रियलच्या जुन्या बंदराकाठी नोत्र-दाम-द-बाँ-सकूर नावाचं चॅपल आहे. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जाणारे खलाशी इथे नवस बोलत आणि सुखरूप परतले की जहाजाची लहानशी प्रतिकृती आणून वाहत. त्यातल्या काही आजही छताला टांगलेल्या दिसतात. चॅपलच्या माथ्यावर मरियमचा पुतळा आहे, बंदराकडे तोंड करून, हात पुढे पसरलेला. १९६०च्या दशकाच्या मध्यात तिथून जवळच, सेंट लॉरेन्स नदीकाठच्या एका जुन्या इमारतीत सुझॅन वेर्दाल ही तरुण नर्तकी राहत होती. घरी येणाऱ्यांना ती संत्र्याची साल घातलेला चहा पाजायची. येणाऱ्यांत लेनर्ड कोहेन नावाचा तिशीतला एक कवी होता. चहा झाला की दोघं नदीकाठाने चालायला निघत, चॅपलवरून पुढे जात.

‘सुझॅन’ हे गाणं एवढ्याच गोष्टींतून उभं राहिलं. गेली जवळपास साठ वर्षं त्याचे अर्थ लावले जाताहेत. तो चहा कशाचं प्रतीक? नदी म्हणजे काय? एका बाईविषयी बोलता बोलता दुसऱ्या कडव्यात अचानक येशू ख्रिस्त खलाशी होऊन का येतो, आणि तिसऱ्यात पुन्हा तीच बाई का? कोहेनने मुलाखतींतून वारंवार सांगितलं की, जे होतं तेच आपण शक्य तितकं अचूक टिपलं. चहा खरा होता, नदी खरी होती. खलाशांच्या चॅपलसमोरून रोज जाणाऱ्याला येशू पाण्यावर दिसला, यातही ओढूनताणून आणलेलं काही नाही. गिटारवरची चाल त्याला आधी सुचली होती. हे गाणं माँट्रियलचं, बंदराकाठचं आहे हेही त्याला सुझॅन भेटण्याआधीच कळलं होतं. ती भेटली आणि गाण्याला माणूस मिळालं.

कोहेनच्या बहुतेक ‘न कळणाऱ्या’ गाण्यांची घडण अशीच आहे. मुळाशी एखादी खरी वस्तू असते, खरा प्रसंग असतो. तो तिचं नाव-गाव बिनचूक ठेवतो आणि तिच्याभोवतीचं स्पष्टीकरण तेवढं काढून घेतो. उरलेल्या पोकळीत लहानपणापासून कानावर पडलेल्या प्रार्थनांची लय शिरते. ऐकणारा गोंधळतो, कारण चहाच्या कपाविषयी कोणी देवळातल्या आवाजात बोलेल अशी त्याची अपेक्षा नसते.

ही लय आली घरातून. कोहेनचा जन्म २१ सप्टेंबर १९३४चा, माँट्रियलच्या वेस्टमाउंट या सधन वस्तीतला. आजोबा लायन कोहेन तिथल्या ज्यू समाजाचे पुढारी आणि शार हाशोमायिम या सिनेगॉगचे अध्यक्ष होते. आईचे वडील तालमूद या ज्यू धर्मग्रंथाचे जाणकार पंडित. घराणं कोहेनांचं, म्हणजे प्राचीन जेरुसलेमच्या मंदिरातल्या पुरोहितांच्या वंशातलं. वडील नेथन कपड्यांच्या व्यवसायात होते. लेनर्ड नऊ वर्षांचा असताना ते वारले. अंत्यविधीनंतर त्या पोराने वडिलांचा एक बो-टाय घेतला, तो उसवून त्यात स्वतः लिहिलेली चिठ्ठी घातली आणि बागेत पुरून टाकली. आपण लिहिलेला पहिला मजकूर तोच, असं तो पुढे सांगत असे. चिठ्ठीत काय होतं हे त्यालाही आठवत नव्हतं. मला ही हकिकत फार महत्त्वाची वाटते. लिहिणं हा त्याच्यासाठी आरंभापासूनच एक विधी होता, आणि विधीतले शब्द कोणाला समजावून सांगायचे नसतात.

किशोरवयात जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला स्पॅनिश कवी फेदेरिको गार्सिया लोर्का सापडला. त्या भारावलेपणातून तो आयुष्यभर बाहेर आला नाही. त्याने मुलीचं नावही लोर्का ठेवलं. संगीतसुद्धा स्पेनकडूनच आलं. त्याची गोष्ट त्याने २०११ साली ओव्हिएदो शहरात ‘प्रिन्स ऑफ अस्तुरियास’ पुरस्कार स्वीकारताना सांगितली. आईच्या घराजवळच्या बागेत एक तरुण स्पॅनिश माणूस गिटार वाजवत होता. कोहेनने त्याला शिकवण्याची गळ घातली. तीन दिवस तो आला आणि त्याने फ्लामेंकोच्या सहा कॉर्ड्स हाताखाली घालून दिल्या. चौथ्या दिवशी आलाच नाही. कोहेनने तो राहत होता तिथे फोन केला, तेव्हा त्याने आत्महत्या केल्याचं कळलं. तो कोण होता, माँट्रियलला का आला होता, काहीच समजलं नाही. माझी सारी गाणी त्या सहा कॉर्ड्सवर उभी आहेत, असं कोहेन त्या भाषणात कृतज्ञतेने म्हणाला.

गायक होण्याआधी मात्र त्याने कवी म्हणून चांगलं दशकभर काढलं. मॅकगिल विद्यापीठात शिकला. १९५६ साली पहिला कवितासंग्रह आला, १९६१च्या ‘द स्पाइस-बॉक्स ऑफ अर्थ’ने कॅनडात नाव झालं. १९६०मध्ये आजीकडून आलेल्या पैशातून त्याने ग्रीसच्या हायड्रा बेटावर १,५०० डॉलरला एक जुनं घर घेतलं. बेटावर मोटारी नव्हत्या, घरात सुरुवातीला वीज नव्हती. तिथेच नॉर्वेची मारियान इलेन त्याच्या आयुष्यात आली. पुढे बेटावर विजेचे आणि फोनचे खांब आले, खिडकीसमोरून तारा गेल्या, तेव्हा आता इथलीही निवांत जगण्याची सोय संपली असं वाटून तो खिन्न झाला. मग त्या तारांवर पक्षी येऊन बसू लागले. ‘बर्ड ऑन द वायर’ या गाण्यातला पक्षी तो. समीक्षकांनी त्याला स्वातंत्र्य म्हटलं, मोक्षाची तळमळ म्हटलं, आणि गाणं ते अर्थ पेलतंही. पण पक्षी आधी हायड्राच्या तारेवरचा आहे.

१९६६ साली ‘ब्यूटिफुल लूजर्स’ ही कादंबरी आली. पुस्तकांनी कीर्ती दिली, घरभाडं दिलं नाही. लोकगीतं आणि कंट्री संगीत गाऊन पोट भरेल या आशेने तो नॅशव्हिलला निघाला आणि न्यूयॉर्कमध्येच थांबला. जुडी कॉलिन्स या नामवंत गायिकेने ‘सुझॅन’ ऐकलं आणि १९६६मध्येच ध्वनिमुद्रित केलं. १९६७ साली तिने त्याला न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये मंचावर उभं केलं, तर गाणं अर्ध्यावर सोडून तो विंगेत निघून गेला. तिने पुन्हा हाताला धरून आणलं. कोलंबिया कंपनीच्या जॉन हॅमंडने, बॉब डिलनला करारबद्ध करणाऱ्या त्याच पारख्याने, त्याला घेतलं. ‘साँग्ज ऑफ लेनर्ड कोहेन’ हा गीतसंच डिसेंबर १९६७मध्ये आला तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता, रॉकच्या जगात जवळपास प्रौढच. ‘सुझॅन’चे हक्क तोवर एका कागदावरच्या सहीने हातचे गेले होते. या गाण्यातून आपल्याला पैसे मिळाले नाहीत हे एका परीने बरंच झालं, असं तो नंतर म्हणायचा.

१९७१चं ‘फेमस ब्लू रेनकोट’ हे त्याचं सगळ्यात जास्त उलगडलं गेलेलं गाणं असावं. ते पत्र आहे. डिसेंबरातल्या पहाटे न्यूयॉर्कहून कोणी एकजण दुसऱ्याला लिहितो. मधे एक स्त्री आहे, घडून गेलेला विश्वासघात आहे, क्षमा आहे, आणि शेवटी चक्क कोहेनची सही. तो दुसरा कोण? निळा रेनकोट कोणाचा? रेनकोट कोहेनचाच होता: लंडनमध्ये १९५९ साली घेतलेला बर्बेरी, पुढे न्यूयॉर्कमध्ये मारियानच्या राहत्या जागेतून चोरीला गेलेला. आता पेच बघा. गाण्यात कोट घातलाय त्या दुसऱ्या माणसाने, आणि सही केलीय कोटाच्या खऱ्या मालकाने. पत्र लिहिणारा स्वतःलाच तर लिहीत नाही ना, अशी शंका इथे येते आणि ती मला सर्वांत पटते. प्रत्यक्षातला तो त्रिकोण नेमका कोणाकोणाचा होता हे आपल्याला आठवत नाही, असं कोहेनने सांगून ठेवलंय. मला हे टाळाटाळीचं उत्तर वाटत नाही. गाण्यात नवऱ्याची, प्रियकराची आणि साक्षीदाराची अशा तिन्ही जागा तो आळीपाळीने घेतो. आठवणीतही तसंच होतं.

एकदा त्याने कोडं उघडून सांगितलं आणि त्याचा त्याला कायम पश्चात्ताप झाला. न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलातल्या एका भेटीवरचं ‘चेल्सी हॉटेल नंबर टू’ हे गाणं गायिका जॅनिस जॉप्लिनविषयी आहे, हे त्याने कार्यक्रमांतून बोलून टाकलं होतं. जॉप्लिन तेव्हा हयात नव्हती. पुढे त्याने या गोष्टीची जाहीर माफी मागितली. गाण्यातलं मौन कधी कधी केवळ शैलीचा भाग नसतं, समोरच्याची अब्रू राखण्यासाठीही असतं.

ऑक्टोबर १९७३मध्ये, ज्यू वर्षातल्या सर्वांत पवित्र दिवशी, योम किप्पुरला, इजिप्त आणि सीरियाने इस्राएलवर हल्ला केला. कोहेन हायड्राहून तिथे गेला आणि सिनाईच्या वाळवंटात सैनिकांपुढे गायला, कधी अगदी मूठभर जवानांसमोर. पुढल्या वर्षी ‘हू बाय फायर’ आलं. ज्याने ते सिनेगॉगच्या बाहेर ऐकलं, त्याला ती मरणाच्या प्रकारांची एक विचित्र यादी वाटते. प्रत्यक्षात ती ‘उनेतान्ने तोकेफ’ या जुन्या हिब्रू प्रार्थनेवर बांधलेली आहे. नववर्षाला आणि योम किप्पुरला ती म्हणतात: येत्या वर्षी कोण जगणार, कोण मरणार, आग, पाणी, शस्त्र, भूक यांपैकी कशाने. हे लहानगा कोहेन दर शरद ऋतूत शार हाशोमायिममध्ये ऐकत आला होता. त्याने यादी पुढे वाढवली, तीत झोपेच्या गोळ्या आणल्या, एकाकीपणा आणला. मूळ प्रार्थनेत यादीनंतर दिलासा येतो: पश्चात्ताप, प्रार्थना आणि दान यांनी निवाड्याची कठोरता टळते. कोहेनने दिलासा गाळला. त्या जागी एक प्रश्न ठेवला, कचेरीतल्या टेलिफोनवर विचारतात तसा, अत्यंत अदबीचा: कोण बोलतंय म्हणून सांगू? ज्याने माणसाला बोलावणं धाडलंय त्यालाच उलट नाव विचारायचं! धाडस आणि श्रद्धा इतक्या थोड्या जागेत एकत्र नांदलेली मी दुसऱ्या कुठल्या रॉक गाण्यात पाहिलेली नाहीत.

‘हालेलुया’ची कथा अनेकांनी सांगितली आहे, तरी थोडी सांगायलाच हवी. त्याने कडव्यांमागून कडवी लिहिली. ऐंशीच्या आसपास झाली म्हणतात. न्यूयॉर्कच्या हॉटेलात जमिनीवर बसून डोकं आपटत होतो, असं तोच सांगे. डिलनने पॅरिसमध्ये विचारलं, किती दिवस लागले? कोहेनने ‘दोन वर्षं’ सांगितलं, आणि तेही कमी करून. मग डिलनच्या एका गाण्याचं त्याने विचारलं, तर उत्तर आलं पंधरा मिनिटं. हे गाणं ज्या संचात होतं, तो १९८४चा ‘व्हेरियस पोझिशन्स’ कोलंबियाने अमेरिकेत काढायलाच नकार दिला. मग जॉन केलने १९९१ साली ते गायचं ठरवलं तेव्हा कोहेनने फॅक्सवर पंधरा पानं पाठवली. केलने त्यांतून आपल्याला हवी ती कडवी उचलली, त्याचं ऐकून जेफ बकलीने १९९४मध्ये गायलं, २००१ साली ‘श्रेक’ चित्रपटात केलचाच आवाज आला आणि गाणं घरोघर पोचलं. २००८च्या नाताळात ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर एका स्पर्धाविजेतीचं ‘हालेलुया’ होतं, दुसऱ्यावर बकलीचं, आणि खाली छत्तिसाव्यावर खुद्द कोहेनचं.

या गाण्यात गूढ वाटणारी माणसं बायबलमधली आहेत: तंतुवाद्य वाजवणारा राजा दावीद, गच्चीवर न्हाणारी बथशेबा, केस कापले जाणारा शमशोन. कोहेन दावीद आणि शमशोनाच्या कथा एकमेकींत मिसळून टाकतो आणि मग त्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर आणून बसवतो. माझ्या मते खरं रहस्य सुरुवातीलाच आहे. दावीदाला सापडलेल्या सुरावटीचं वर्णन करताना तो कॉर्ड्सचे क्रमांक सांगतो, चौथी, पाचवी, मग मायनर, मग मेजर, आणि त्याच क्षणी साथीत नेमक्या त्याच कॉर्ड्स वाजतात. गाणं स्वतःची कृती उघडी करून दाखवतं, तरी त्याचा परिणाम कसा होतो हे कळत नाही. याच संचातलं ‘डान्स मी टू द एंड ऑफ लव्ह’ लोक लग्नांत वाजवतात. त्यातलं जळतं व्हायोलिन आलंय छळछावण्यांतून: काही मृत्युछावण्यांत कैद्यांकडूनच वाद्यवृंद वाजवून घेतला जाई, इतर कैदी मरणाकडे नेले जात असताना. कोहेनने हे मूळ सांगितलं आणि लगेच हेही सांगितलं की प्रेमाला शरण जाण्याची भाषाही हीच असते, मूळ माहीत असण्याची सक्ती नाही. लग्नात ते वाजवणारे चुकत नाहीत.

१९९२चा ‘द फ्यूचर’ गाजला, दौरा झाला, आणि १९९४ साली तो लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डीवरच्या झेन मठात राहायला गेला. जपानी गुरू क्योझान जोशू सासाकी यांची सेवा, पहाटे उठणं, स्वयंपाक, बर्फ उपसणं. १९९६मध्ये दीक्षा मिळाली, नाव मिळालं जिकान. तरुणपणापासून पाठीस लागलेलं नैराश्य मात्र मठातही गेलं नाही. तिथे त्याच्या हाती रमेश बाळसेकर यांचं पुस्तक आलं, आणि १९९९ साली तो मठ सोडून मुंबईला आला.

बाळसेकर हे बँक ऑफ इंडियाचे निवृत्त प्रमुख. वॉर्डन रोडलगतच्या गमाडिया रोडवर, आपल्या घरी, ते रोज सकाळी येईल त्याच्याशी बोलत. त्यांचे गुरू निसर्गदत्त महाराज, म्हणजे मारुती शिवरामपंत कांबळी: खेतवाडीत राहणारे, विड्यांचं दुकान चालवणारे, नवनाथ परंपरेतले सत्पुरुष. महाराज मराठीतच बोलत. परदेशी साधकांसाठी त्यांचं बोलणं इंग्रजीत करून सांगणाऱ्यांत बाळसेकर होते. म्हणजे खेतवाडीच्या माडीवर मराठीत झालेल्या बोलण्याचे पडसाद एका पिढीनंतर कॅनडाच्या ज्यू कवीपर्यंत पोचले, तेही खेतवाडीपासून फार लांब नसलेल्या घरात. कोहेन केम्प्स कॉर्नरच्या एका साध्या हॉटेलात उतरे, सकाळी बाळसेकरांकडे जाई, ब्रीच कँडीला पोहे. काही महिने राहिला, पुढची काही वर्षं पुन्हा पुन्हा आला.

बाळसेकरांच्या सांगण्याचं सार असं: घटना घडतात, कर्मं होतात, करणारा ‘मी’ मात्र कुठे सापडत नाही. आपल्याकडे गीतेपासून कीर्तनापर्यंत हे कानावर पडलेलं असतं, त्यामुळे त्याची धार बोथट झालेली असते. कोहेनला ते ताजं लागलं. त्याच सुमारास त्याचं नैराश्य ओसरलं. श्रेय कशाला द्यावं याबाबत तो जपून बोलायचा. वयाबरोबर चिंतेशी संबंधित पेशी मरतात असं कुठेसं वाचलंय, असंही सांगायचा. पण २००१चा ‘टेन न्यू साँग्ज’ ऐकताना बदल लक्षात येतो. ‘अ थाउजंड किसेस डीप’मधला माणूस हरतो, जिंकतो, प्रेमात पडतो आणि हे सगळं आपण करतोय असा दावा कुठेच करत नाही. ‘बूगी स्ट्रीट’ हा सिंगापूरच्या बुगीस स्ट्रीटवरून आलेला शब्द. गाण्यात तो कामाधामाचा, वासनांचा नेहमीचा संसार होतो. साधना करूनही परतायचं असतं ते तिथेच.

परतणं त्याला सक्तीचंच झालं. व्यवस्थापनातल्या गैरव्यवहारात आयुष्यभराची पुंजी गेल्याचं २००४च्या सुमारास उघड झालं. कोर्टाने भरपाई मंजूर केली, हाती फारसं काही लागलं नाही. मे २००८मध्ये कॅनडातल्या फ्रेडरिक्टनला त्र्याहत्तर वर्षांचा कोहेन पुन्हा मंचावर आला आणि डिसेंबर २०१३मधल्या ऑकलंडच्या कार्यक्रमापर्यंत जगभर गात राहिला. तीन-तीन तास, मधूनच गुडघे टेकून, साथीदारांच्या एकल वादनाच्या वेळी हॅट छातीशी धरून. सप्टेंबर २००९मध्ये तेल अवीवजवळ रमत गानला त्याने शेवटी बोटांची पारंपरिक मुद्रा करून श्रोत्यांना हिब्रूत पुरोहितांचा आशीर्वाद दिला. वंशाने तो अधिकार त्याचा होता.

२०१६मध्ये मणक्यांची हाडं मोडल्याने चालणं कठीण झालं तेव्हा मुलगा अ‍ॅडमने लॉस एंजेलिसच्या घरातच ध्वनिमुद्रणाची सोय केली, वैद्यकीय खुर्ची मांडली आणि ‘यू वॉन्ट इट डार्कर’ पुरा करून घेतला. शीर्षकगीतात शार हाशोमायिमचा गायकवृंद आणि तिथले कँटर, म्हणजे प्रार्थना गाणारे, गिडियन झेलरमायर गातात. संच २१ ऑक्टोबरला आला. ७ नोव्हेंबरला कोहेन गेला. गाण्यात मृतांसाठी म्हणायच्या कद्दिश प्रार्थनेचे शब्द आहेत आणि ‘हिनेनी’ आहे: देवाने हाक मारल्यावर अब्राहामाने दिलेलं उत्तर, मी इथे आहे. त्यामुळे सगळ्यांनी ते मृत्यूचं भाकीत म्हणून ऐकलं. एवढंच ऐकलं तर त्यातला संताप निसटतो, कारण त्या शरणागतीच्या आधी देवावरचा उघड आरोप आहे, प्रार्थना करूनही न आलेल्या मदतीचा.

आणि अब्राहामाची कथा कोहेन पहिल्यांदा गात नव्हता. १९६९ साली त्याने ‘स्टोरी ऑफ आयझॅक’ हे गाणं केलं होतं. देवाच्या आज्ञेवरून मुलाचा बळी द्यायला निघालेल्या बापाची ही कथा त्याने मुलाच्या तोंडून सांगितली, पोरांना वेदीवर चढवणाऱ्या सगळ्या वडीलधाऱ्यांना खडसावत. व्हिएतनामच्या त्या वर्षांत ऐकणाऱ्यांना रोख कळला. बायबल त्या मुलाचं वय सांगत नाही. कोहेनने सांगितलं: नऊ वर्षं. सत्तेचाळीस वर्षांनी तीच कथा त्याने पुन्हा हाती घेतली तेव्हा बोलणारा बदलला होता. आता उत्तर देत होता बाप, आणि ते टिपून घेत होता मुलगा.